न उघडलेली एअरबॅग: अपघातातल्या गाडीत हात घालायच्या आधी काय काय बघायचं

फायर ब्रिगेडमध्ये नवीन लागलेल्या पोरांसाठी, एमआयडीसी आणि साखर कारखान्यांच्या फायर टीममध्ये असणाऱ्यांसाठी आणि हायवेकडेच्या गावात राहून अपघाताचा आवाज आला की सगळ्यात आधी धावणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हे लिहितोय. आग विझवायचं ट्रेनिंग सगळ्यांना मिळतं, कटर-स्प्रेडर, म्हणजे पत्रा कापायची आणि फाकवायची हत्यारं, चालवायलाही शिकवतात, पण गाडीत अडकलेला माणूस काढताना एअरबॅगपासून त्याला आणि स्वतःला कसं वाचवायचं हे नीट बसून फार कमी जणांना सांगितलं जातं. आणि आता आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हायवेवर किणी टोल नाक्यापासून कागलपर्यंत रोज पळणाऱ्या गाड्या बघा, छोट्या हॅचबॅकमध्येसुद्धा दोन एअरबॅग आहेत आणि नवीन गाड्यांत तर सहा-सहा.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगतो म्हणजे समोर आलेली गाडी बघून अंदाज बांधता येईल. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडं नवीन कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्या सीटची १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना आणि २०२१ संपता संपता जुन्या मॉडेलनाही. सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव आला होता, ती सक्ती झाली नाही, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनसीएपी, म्हणजे गाडी आपटून बघून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, सुरू झालं आणि स्टार मिळवायला कंपन्या स्वतःहून सहा द्यायला लागल्या. म्हणजे २०१० ची गाडी असेल तर कदाचित एकही नाही, २०१९ नंतरची असेल तर निदान एक, आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली असेल तर सहा आहेत असंच धरून कामाला लागायचं.

या सगळ्या लेखात एकच गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. उघडून लोंबकळत असलेली पांढरी बॅग दिसली की नवीन माणूस दचकतो आणि तिच्यापासून लांब राहतो, पण खरा धोका तिचा फारसा नाही, खरा धोका जी उघडलेली नाही तिचा आहे, आणि ती दिसत नाही, शोधावी लागते.

आधी ही वस्तू काय आहे ते

पिशवी सगळ्यात शेवटी येते. तिच्यामागं असतो इन्फ्लेटर. स्टिअरिंग आणि डॅशबोर्डच्या बॅगांमध्ये बहुतेक वेळा स्टीलच्या डबीत घन रसायन भरलेलं असतं, ते पेटलं की गॅस होतो आणि पिशवी भरते. छताच्या कडेनं बसवलेल्या कर्टन बॅगमध्ये मात्र बऱ्याचदा आर्गॉन, हेलियम असले गॅस दाबून भरलेली स्टीलची नळी असते, सायकलच्या छोट्या पंपासारखी दिसते, आणि तिच्यातला दाब २०० बारच्या वर, काही गाड्यांत ५०० बारच्याही पुढं. सीएनजीची टाकी आपण २०० बारला भरतो आणि तिला किती जपतो, मग ही नळी छताच्या पत्र्याआड लपलेली असते आणि आपण तिच्यावर हायड्रॉलिक कटर चालवायला निघतो, विचार करा.

पेटवायला लागतं किती? साधारण सव्वा अँपिअर करंट, तोही दोन मिलीसेकंद, बास. तेवढ्यात डबी पेटते, २० ते ५० मिलीसेकंदात बॅग पूर्ण उघडते आणि बाहेर येताना तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. पापणी लवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळं काही आवाज आला की मागं सरकू असं कुणी म्हणत असेल तर तसं होत नाही, सरकायला वेळच नसतो. तिच्या वाटेत असायचंच नाही, हा एकच उपाय.

पोचल्यावर पहिलं मिनिट

वर्दी म्हणजे अपघाताचा कॉल आला, पोचलात, उतरल्या उतरल्या गाडीत डोकं घालायचं नाही. आपली गाडी मागच्या ट्रॅफिकला आडवी लावून आडोसा करा, शिरोलीजवळ किंवा तावडे हॉटेल चौकाच्या आसपास मागनं येणारे ट्रक थांबत नाहीत हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. मग एक जण बाहेरनं चहूबाजूनं फेरी मारेल: धडक कुठनं बसली, पेट्रोल-डिझेल गळतंय का, सीएनजीचा वास येतोय का, नंबर प्लेट हिरवी आहे का म्हणजे इलेक्ट्रिक, आणि बॅगा किती उघडल्यात. दुसरा चाकांना उटी, म्हणजे दगड नाहीतर लाकडी ठोकळा, लावेल. डुगडुगणाऱ्या गाडीत काम करायचं नाही, हिसका बसला की पेशंटच्या मानेला पण बसतो.

आता बॅगांची मोजणी. किती उघडल्यात हे दिसतं, किती असायला पाहिजे होत्या हे खुणांवरनं शोधायचं. स्टिअरिंगच्या मधोमध आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एसआरएस किंवा एअरबॅग अशी अक्षरं उठवलेली असतात. सीटच्या पाठीला दाराच्या बाजूला छोटा टॅग शिवलेला असतो, पिलरच्या म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांच्या प्लास्टिकवर वरच्या बाजूला किंवा छताच्या कडेला पण एअरबॅग लिहिलेलं सापडतं, काही महाग गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याची वेगळी बॅग असते. आपल्याकडची अडचण अशी की गाडी घेतली की लोक दुसऱ्या दिवशी सीट कव्हर बसवून घेतात, त्यामुळं सीटवरचा टॅग झाकला जातो. कव्हर दिसलं तर त्याच्या आत बॅग आहे असं समजूनच वागा आणि वेळ असेल तर कडेनं ब्लेड मारून बघा.

समोरनं धडक बसली तर साधारण पुढच्या दोन उघडतात, बाजूच्या तशाच राहतात. बाजूनं बसली तर त्या बाजूची सीटची आणि कर्टन उघडते, स्टिअरिंगमधली तशीच. मागनं बसली तर बऱ्याचदा एकही नाही. बंपरला लोखंडी गार्ड बसवलं असेल तर धडकेचा झटका सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि बॅग उशिरा उघडते नाहीतर उघडतच नाही. म्हणून गाडीचा चेंदामेंदा झालाय म्हणजे सगळ्या बॅगा उघडल्या असतील हा अंदाज कधीच बांधायचा नाही.

ऊस ट्रॉलीखाली घुसलेली गाडी

हा आपल्या जिल्ह्याचा खास प्रकार आहे म्हणून यावर जरा थांबतो. गळीत हंगाम सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढं मार्चपर्यंत रात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, वर ऊस बाहेर आलेला, आणि मागनं येणारी कार बॉनेटसकट ट्रॉलीखाली घुसते. यात दणका बसतो तो काचेला आणि पुढच्या पिलरला. बंपर आणि त्यामागच्या चासीच्या पट्ट्यांना म्हणावा तसा बसत नाही, कारण त्या ट्रॉलीच्या खालनं निघून जातात. सेन्सरला हवा तो झटका मिळत नाही. मग छत खाली बसलेलं, ड्रायव्हर स्टिअरिंगला चिकटलेला आणि स्टिअरिंगमधली बॅग जिवंत, अशी अवस्था असते.

अशाच एका ठिकाणी बघितलंय, गावातला एक पोरगा लई चांगल्या मनानं खिडकीतनं अर्धा आत शिरलेला, छाती स्टिअरिंगवर टेकवून ड्रायव्हरच्या मानेजवळ नाडी बघत होता, आणि डॅशबोर्डवरचे दिवे सगळे चालू, गाडी ऑनच होती. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता, खांद्याला धरून बाहेर घेतला, मागच्या दारानं आत बसवला आणि मागनं डोकं धरायला लावलं, तेवढं त्यानं शेवटपर्यंत हलू न देता धरलं. गावची पोरं आपल्या आधी पोचतात आणि जीव लावून काम करतात, त्यांना हाकलायचं नाही, त्यांना जागा दाखवायची.

या प्रकारात दुसरी अडचण म्हणजे बॉनेट ट्रॉलीखाली असल्यानं बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. मग काय करायचं, तर इग्निशन बंद, चावी लांब, सीट मागं सरकत असेल तर मागं, स्टिअरिंग खाली-वर होत असेल तर पेशंटपासून जितकं बाजूला जाईल तितकं, आणि सगळं काम मागच्या सीटवरनं आणि बाजूनं. बॅटरी तुटत नाही तोवर सगळ्या बॅगा जिवंत. आणि कुणी ट्रॅक्टरवाल्याला ‘घे पुढं, घे पुढं’ म्हणत असेल तर त्याला आधी थांबवा. ट्रॉली हलली की गाडी ओढली जाते, पत्रा दबतो, वायरी चेपतात, आणि आत माणूस आहे. जेसीबीला साखळी लावून ओढण्याचंही तेच.

करंट बंद करायचा, पण क्रमानं

नवीन माणूस बॉनेट उघडतो आणि पहिल्यांदा बॅटरी काढतो. थांबा. बॅटरी गेली की पॉवर विंडो गेली, सेंट्रल लॉक गेलं, इलेक्ट्रिक सीट असेल तर ती पण गेली. म्हणून आधी या गोष्टी करून घ्या: काचा खाली, दारं अनलॉक, सीट मागं, स्टिअरिंग बाजूला, डिकी बटणावर उघडत असेल तर उघडी. मग पार्किंगचे चारी इंडिकेटर चालू करा, ते कशाला ते पुढं येतं. मग गाडी बंद करा. चावीची असेल तर चावी काढून टीम लीडरच्या खिशात, बटण स्टार्ट असेल तर रिमोट गाडीपासून निदान पाच मीटर लांब न्या. रिमोट बऱ्याचदा पेशंटच्या खिशात असतो, नातेवाईक जवळ असेल तर त्याला विचारा, नाहीतर पेशंटला न हलवता खिसा चाचपा.

आता बॅटरी. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी, मग पॉझिटिव्ह. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, तो टूल बॉक्समध्ये शोधत बसण्यापेक्षा एक पाना कायम खिशात ठेवा, ही सवय लावून घ्याच. नट गंजलेला असेल आणि वेळ नसेल तर केबल कापा, पण एका जागी कापून सोडू नका, दोन ठिकाणी कापून मधला दोनेक इंचाचा तुकडाच काढून टाका, म्हणजे टोकं हलून परत चिकटणार नाहीत. आणि मघाशी चालू केलेले इंडिकेटर बघा, ते विझले म्हणजे करंट खरंच गेला. विझले नाहीत तर दुसरी बॅटरी कुठंतरी आहे, डिकीत किंवा सीटखाली, मोठ्या परदेशी गाड्यांत ही भानगड असते. लायटरच्या सॉकेटला काही लावलेलं असेल तर ते पण उपसून टाका.

इंडिकेटर विझले की लगेच सगळं सुरक्षित झालं असं नाही. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून तो करंट साठवून ठेवतो, आणि तो रिकामा व्हायला गाडीगणिक वेगवेगळा वेळ लागतो. टोयोटासारख्या कंपन्या ९० सेकंद थांबा म्हणतात, होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३ मिनिटं सांगतात. गाडीची नेमकी माहिती हाताशी नसेल तर मी तरी तीन मिनिटांपेक्षा कमी धरत नाही. ही तीन मिनिटं हात बांधून उभं राहायचं नसतं. श्वास बघा, रक्त थांबवा, काचा काढा, पेशंटवर चादर टाका, कटर-पंप जोडून तयार ठेवा, १०८ ची गाडी आली असेल तर डॉक्टरला काय दिसतंय ते सांगा. काम चालूच राहतं, फक्त बॅगेच्या वाटेत कुणी येत नाही.

अंतर: ५, १०, २०

आंतरराष्ट्रीय ट्रेनिंगमध्ये हे आकडे इंचात शिकवतात आणि आपल्यालाही इंच पटकन कळतात. बाजूच्या आणि गुडघ्याच्या बॅगेपासून ५ इंच, स्टिअरिंगपासून १० इंच, डाव्या डॅशबोर्डच्या बॅगेपासून २० इंच. वीत म्हणजे साधारण ९ इंच आणि हात म्हणजे १८, म्हणजे स्टिअरिंगपासून वीतभर आणि वर थोडं, डॅशबोर्डपासून हातभर आणि वर थोडं. जर्मनीकडं याच्यापेक्षा जास्त धरतात, ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर. जागा असेल तर मोठं अंतर धरा, माझं मत तरी तसंच आहे, कारण मापं तुमच्या डोक्याची आणि छातीची आहेत आणि घाईत माणूस वाकतो तेव्हा कळत नाही किती वाकला.

ही मापं फक्त तुमच्यासाठी नाहीत. कटर, स्प्रेडर, रॅम म्हणजे ढकलायचा हायड्रॉलिक दांडा, बॅटरी, ऑक्सिजनची बाटली, कुठलीही वस्तू त्या जागेत नको. बॅग उघडली तर वस्तू पेशंटच्या अंगावर जाते. पेशंटला हत्याराच्या टोकापासून वाचवायला आपण फळी किंवा बोर्ड लावतो, तो हत्यार आणि पेशंटच्या मध्ये लावायचा, बॅग आणि पेशंटच्या मध्ये कधीच नाही.

आणि डॅशबोर्डवर काय काय असतं ते आठवा. मोबाईल होल्डर, अत्तराची बाटली, आणि आपल्याकडं दहातल्या आठ-नऊ गाड्यांत अंबाबाईचा नाहीतर जोतिबाचा फोटो, गणपतीची मूर्ती, नेमकी डाव्या बॅगेच्या झाकणावर डबल टेपनं चिकटवलेली. पितळी मूर्ती असेल तर बॅग उघडली की ती थेट पेशंटच्या तोंडावर. बाजूनं हात घालून, स्वतः समोर न येता, अलगद काढा आणि बाहेर कुणा मोठ्या माणसाच्या हातात द्या. रस्त्यावर ठेवू नका, पेशंटच्या घरचे नंतर पहिल्यांदा तेच विचारतात.

रेस्क्यू टेंडरमध्ये स्टिअरिंगवर बांधायचं एअरबॅग कव्हर असेल तर वापरा. ते नसेल म्हणून दोरी गुंडाळणं, गमबूटनं दाबून धरणं, ब्लँकेट कोंबणं असलं काही करायचं नाही, त्यानं बॅग थांबत नाही, फक्त बांधलेली वस्तू पण उडते. कव्हर लावलं तरी समोर उभं राहायचं नाहीच.

कापायच्या आधी सोला

सगळ्यात महत्त्वाची सवय हीच. पिलर किंवा छत कापायच्या आधी आतलं प्लास्टिक उपसून बघायचं. दाराच्या कडेचं रबरी बीडिंग हातानं ओढलं की सुटतं, मग पट्टीचा स्क्रू ड्रायव्हर नाहीतर पहार घालून प्लास्टिकची पट्टी मोकळी करा, छताचं अस्तर खाली ओढा आणि टॉर्च मारा. पिलरला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत नाही. आत काय शोधायचं: स्टीलची नळी, पिवळ्या कव्हरच्या वायरी, पिवळे कनेक्टर. पिवळं म्हणजे एअरबॅगचं, ते कापायचं नाही, ओढायचं नाही. नारिंगी दिसलं तर ते इलेक्ट्रिक-हायब्रिड गाडीचं हाय व्होल्टेज, त्याला हातच लावायचा नाही.

गॅसची नळी गाडीगणिक वेगळ्या जागी असते, कधी मधल्या आणि मागच्या पिलरच्या मध्ये छताच्या कडेला, कधी मागच्या पिलरमध्ये, काही गाड्यांत पुढच्या पिलरकडं. अमुक कंपनीची इथंच असते असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका, मॉडेल बदललं की जागा बदलते. नळी दिसली की मार्करनं किंवा खडूनं पत्र्यावर बाहेरनं तिची लांबी आखा आणि कट तिच्या दोन्ही टोकांपासून मोकळं अंतर सोडून घ्या. स्प्रेडरचे जबडे पण त्या जागी लावायचे नाहीत, चेपली तरी धोका तोच.

मधल्या पिलरच्या बुडाशी सीट बेल्टचा रोल असतो आणि त्याला प्रिटेन्शनर, म्हणजे बेल्ट खेचणारी छोटी स्फोटक नळी. काही गाड्यांत ती बक्कलच्या बाजूला असते. पिलर बुडातनं कापताना ती जागा बघून घ्या. बेल्ट लवकरात लवकर कापून टाका, पट्टी कापायला काही धोका नाही, पण गाडी उलटी असेल आणि माणूस बेल्टला लटकत असेल तर आधी दोघांनी त्याला खालनं धरा आणि मगच ब्लेड लावा.

डॅशबोर्ड ढकलायला रॅम लावताना दोन गोष्टी. रॅमचं टोक डाव्या बॅगेच्या झाकणाजवळ नको, आणि गिअरच्या पुढं दोन सीटच्या मधल्या उंचवट्यात एअरबॅगचं कंट्रोल युनिट बसवलेलं असतं, त्याला धक्का किंवा दाब नको. स्टिअरिंगला साखळी बांधून पुढं ओढायची जुनी पद्धत अजून कुणी शिकवत असेल तर ती सोडून द्या, आताचे स्टिअरिंग कॉलम त्यासाठी केलेले नसतात आणि जोडातनं निसटून पेशंटवर येऊ शकतात.

ग्राइंडर आणि गॅस कटरबद्दल वेगळं सांगतो. गावात वेल्डिंगवाला जवळ असतो, लोक त्याला बोलावतात. सांडलेलं पेट्रोल, सीएनजी, आणि उष्णतेनं पेटणारा इन्फ्लेटर, या तिन्हीजवळ ठिणगी नको. त्याला मान द्या, थांबवून ठेवा, ट्रॉलीचं लोखंड कापायची वेळ आली आणि ती जागा सुरक्षित असली तर तुमचा अधिकारी ठरवेल.

हे सगळं रात्री पावसात पहिल्यांदा करायला जमत नाही. वर्दी नसलेल्या दिवशी उद्यमनगरात ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं जा, एखादी टोटल लॉसची गाडी बघून ठेवा, त्यालाच बरोबर घेऊन बीडिंग ओढा, पट्ट्या काढा, कुठली क्लिप कशी सुटते ते हाताला कळू दे. बॉडीचं काम करणारा मिस्त्री तुम्हाला जे एका तासात दाखवेल ते कुठल्या पीपीटीत येत नाही. फक्त बॅटरी काढलेली असल्याची आधी खात्री करा. आणि मोबाईलमध्ये युरो रेस्क्यू ॲप घेऊन ठेवा, युरो एनसीएपीनं काढलेलं आहे, गाडीच्या चित्रावर बॅगा, नळ्या, प्रिटेन्शनर, बॅटरी सगळं रंगानं दाखवलेलं असतं. त्यात मुख्यतः युरोपात विकल्या जाणाऱ्या गाड्या आहेत, आपल्याकडची हुबेहूब गाडी सापडेलच असं नाही, पण चिन्हं जगभर एकाच मानकाची, आयएसओ १७८४० ची, ती ओळखता आली की कुठल्याही कंपनीचा कागद वाचता येतो.

उघडलेल्या बॅगेबद्दल

उघडली म्हणजे संपली असं प्रत्येक वेळी नसतं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या बॅगा दोन टप्प्यांच्या असतात, हलक्या धडकेत पहिलाच टप्पा पेटतो आणि दुसरा तसाच राहू शकतो, बाहेरनं बघून कळत नाही. म्हणून लोंबकळती बॅग असली तरी स्टिअरिंगपासूनचं अंतर तेच ठेवा. गाडीत पांढरा धुरळा दिसतो, लोकांना वाटतं आग लागली, तो बराचसा टाल्कम किंवा स्टार्चसारखी पावडर असतो आणि थोडा रसायनाचा अंश. डोळ्यात आणि कातडीला चुरचुरतं, दम्याच्या पेशंटला त्रास होतो, दारं-काचा उघडून हवा येऊ द्या. आतला धातूचा भाग बराच वेळ गरम असतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा किंवा हेल्मेटची काच खाली, हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. टकाटा कंपनीच्या अमोनियम नायट्रेटवाल्या इन्फ्लेटरचा जगभर गाजलेला रिकॉल झाला, उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्यावर आतलं रसायन बिघडतं आणि बॅग उघडताना डबीच फुटून लोखंडाचे तुकडे उडतात. होंडासह काही कंपन्यांनी भारतातही गाड्या परत बोलावून ते बदलून दिले, पण प्रत्येक मालक गेलाच असेल असं नाही.

गाडी पेटलेली असेल तर

इन्फ्लेटर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला आपोआप पेटतो, तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे जळत्या गाडीत धडाधड आवाज होणारच, त्याला टाकी फुटली समजून होज सोडून पळू नका, पण दाराच्या समोर नाक लावून पण उभं राहू नका. कोपऱ्यातनं, तिरक्या दिशेनं, लांबनं पाणी मारत जवळ या. बॉनेट आणि डिकीचे गॅसचे दांडे तापले की बाणासारखे सुटतात, त्यामुळं सरळ पुढनं किंवा सरळ मागनं जायचं नाही. ब्रांच, म्हणजे होजचं तोंड, धरणाऱ्याच्या मागं त्याला ओढून घेणारा एक जण हवाच. आत माणूस असेल तर हिशेब बदलतो, तेव्हा निर्णय अधिकाऱ्याचा, पण तोही बॅगा कुठं आहेत हे माहीत असलं तर चांगला होतो.

इलेक्ट्रिक गाडीत एअरबॅग चालते ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच, त्यामुळं वरचा सगळा क्रम तसाच. फरक इतकाच की मोठी बॅटरी पायाखाली असते म्हणून दाराखालचा उंबरा कापायला किंवा तिथं रॅम टेकवायला जायचं नाही.

फायर ब्रिगेड यायच्या आधी गावकऱ्यांनी

हे वेगळं वाचून गावच्या ग्रुपवर टाका. १०१, १०८ किंवा ११२ ला फोन करा, जागा सांगताना पुलाच्या अलीकडं का पलीकडं, पुण्याकडं जाणारी लेन का बेळगावकडं, हे सांगा. गाडी बंद करून चावी काढा, हात बाजूनं घाला, स्टिअरिंगसमोर डोकं-छाती नेऊ नका. मागच्या सीटवर बसून पेशंटचं डोकं दोन्ही हातांनी धरा आणि त्याच्याशी बोलत राहा, पण स्वतःचं डोकं छताच्या कडेला आणि खिडकीला टेकवू नका, तिथं कर्टन बॅग असते. आग नसेल आणि श्वास चालू असेल तर ओढून बाहेर काढायची घाई नको. डॅशबोर्ड ठोकणं, स्टिअरिंग हलवणं, सळईनं उचकटणं नको. उरलेल्यांनी मागं शंभर-दोनशे मीटरवर उभं राहून टॉर्चनं ट्रॅफिक हळू करायचं, हे काम कुणाला नको असतं पण त्यानंच सगळ्यांचा जीव वाचतो.

माणूस निघाला, सीपीआर हॉस्पिटलला गेला, त्यानंतर

इथं सगळे दमलेले असतात आणि गाडी क्रेनवाल्याच्या ताब्यात तशीच दिली जाते. त्याला काहीच माहीत नसतं, तो गाडी सुरू होते का बघायला बॅटरी परत जोडतो, नाहीतर स्टिअरिंगवर वाकून गिअर न्यूट्रल करतो. म्हणून काचेवर किंवा दारावर मार्करनं मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, कुठली बॅग उघडलेली नाही, कुठं नळी आहे, बॅटरी काढलीय जोडू नका. क्रेनवाल्याला आणि हायवे पोलिसांना तोंडी पण सांगा. एखादा न उघडलेला बॅगेचा भाग कापताना सुटून हातात आलाच तर तो अंगापासून लांब, झाकण बाहेरच्या बाजूला करून न्या आणि झाकण आकाशाकडं ठेवून मोकळ्या जागी जमिनीवर ठेवा, पालथा कधीच नाही. पालथा असताना पेटला तर सगळा भाग वर उडतो, उताणा असला तर फक्त पिशवी वर जाते. तो उचलायला कुणाला बोलवायचं ते अधिकाऱ्याला विचारा, आणि तोवर एक माणूस त्याच्याजवळ कुणाला फिरकू न देता थांबवा.